समेवर थांबणारे बटण

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमच्या मुलीचा कथकचा वर्ग भरतो. तिला आणायला गेलो की दारातल्या चपलांच्या ढिगाशेजारी दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे लागते, आणि तेवढ्यात माझ्यासारख्या तालाची फारशी जाण नसलेल्या माणसालाही त्रितालाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येते एवढे कळू लागते. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी मी असाच उभा होतो. महाकवी कालिदास कलामंदिरात झालेल्या कार्यक्रमाचे चित्रीकरण वर्ग घेणाऱ्या ताई लॅपटॉपवर मुलींना दाखवत होत्या आणि त्यातली एक तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा, त्यांना पुन्हा पुन्हा दाखवायची होती. ताई माउसने खालची पट्टी मागे ओढत, चित्र भलत्याच जागी जाऊन पडे, मुली हसत, ताई पुन्हा ओढत. शेवटी त्यांची नजर माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही कॉम्प्युटरचंच काम करता ना? एवढं एक बटण करून द्या. इथून इथपर्यंत, पुन्हा पुन्हा, आणि जरा सावकाश."

"शनिवार-रविवारचं काम आहे, ताई," असे मी म्हणालो. तसे मला खरोखरच वाटत होते.

वास्तविक मला अनुभव नव्हता असे नाही. व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रामशी माझी पहिली गाठ २००३ साली पडली. एका छोट्या कार्यालयात मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि एका ग्राहकासाठी प्रशिक्षणाचे धडे सीडीवर द्यायचे होते. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये विंडोज मीडिया प्लेअरचा कंट्रोल फॉर्मवर टाकला की त्याची स्वतःची बटणे त्याच्यासकट येत. ग्राहकाला ती नको होती, म्हणून ती लपवायची आणि खाली आपली चार बटणे मांडायची, एवढेच काम होते. एक धडा संपला की दुसरा आपोआप सुरू व्हावा ही शेवटची मागणी. प्लेअर आपली अवस्था आकड्यांत सांगतो: १ म्हणजे थांबलेला, २ म्हणजे मध्येच रोखलेला, ३ म्हणजे चालू, ८ म्हणजे फाइल संपली. तेव्हा ८ आला की पुढच्या फाइलचे नाव द्यावे आणि 'प्ले' म्हणावे, हे मला इतके उघड वाटले की मी ते नीट न तपासताच सीडी देऊन टाकली. ग्राहकाकडे दुसरा धडा उघडायचा खरा, पण सुरूच व्हायचा नाही. कारण ८ हा आकडा कळवत असताना प्लेअरची स्वतःची आवराआवर अजून चाललेली असते. पहिली पंगत उठते आहे, पाने उचलायची आहेत, आणि आपण पुढच्या मंडळींना बसवून मोकळे होतो, तसला तो प्रकार होता. उपाय अगदी गावठी निघाला: एक टायमर लावायचा, क्षणभर दम धरायचा आणि मग 'प्ले' म्हणायचे.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चाललो आहे. वापरणाऱ्याला 'प्ले' ही आज्ञा वाटते, प्रोग्रामरने मात्र तो अर्ज समजावा. अर्ज दिला म्हणजे दाखला हातात पडला असे होत नाही, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. फाइल उघडायची असते, तिच्यात चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे ते ओळखायचे असते, ध्वनीचे उपकरण मोकळे आहे की नाही ते पाहायचे असते, आणि हे सारे वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्याच एका समांतर धाग्यावर, आपल्या नजरेआड चाललेले असते. मग त्रिकोणाच्या जागी दोन उभ्या रेघा केव्हा दाखवायच्या? बटण दाबताक्षणी दाखवल्या आणि फाइल उघडलीच नाही, तर बटण खोटे बोलले. फाइल चालवणाऱ्या इंजिनाने 'सुरू झालो' असे कळवल्यावरच दाखवल्या, तर तेवढ्यात माणूस अधीर होऊन दुसऱ्यांदा दाबतो आणि सुरू होऊ पाहणारे चित्र थांबते. मी हल्ली दोन नोंदी वेगळ्या ठेवतो: माणसाला काय हवे आहे ही एक, आणि प्रत्यक्षात काय चालले आहे ही दुसरी. बटण पहिलीशी प्रामाणिक असते. दोन्ही नोंदी अर्ध्या सेकंदात जुळल्या नाहीत, तर चित्रावर फिरते चक्र दाखवायचे. यापेक्षा चांगला तोडगा मला अजून सापडलेला नाही.

ताईंसाठी मी डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या खिडक्या-बटणे रचण्याच्या साधनातल्या मीडिया एलिमेंट या व्हिडिओ चालवणाऱ्या तयार घटकावर सुरुवात केली. शनिवारी दुपारी बटणे झाली आणि संध्याकाळी पट्टीशी झगडा सुरू झाला. चित्र पुढे सरकले की पट्टीवरचा ठिपका सरकला पाहिजे, आणि ठिपका ओढला की चित्र सरकले पाहिजे. कागदावर हे दोन बाण फार देखणे दिसतात. चित्र कुठवर आले हे हा घटक आपण होऊन सांगत नाही, त्याला टायमरने ठराविक वेळाने विचारावे लागते. मी विचारायचो आणि ठिपका हलवायचो. ठिपका हललेला पाहून प्रोग्रामला वाटायचे, माणसानेच ओढला. मग तो चित्राला त्या जागी नेऊन बसवायचा. परिणामी दर पाव सेकंदाला नर्तकी अडखळायची. शेवटी ठिपका माणसाच्या बोटाखाली आहे की नाही याची एक खूण ठेवावी लागली: ओढणे सुरू झाले की टायमरने गप्प बसायचे, संपले की पुन्हा बोलू लागायचे. पट्टीवर मध्येच टिचकी मारली तर ठिपका तिथे उडी मारण्याऐवजी ठरलेल्या टप्प्याने सरकतो, हे मला ताईंच्या टेबलावरच कळले. त्यासाठी एक गुणधर्म आधीपासून आहे, पण तो मुळात बंद असतो. का, हे ज्याने तो बंद ठेवला त्यालाच ठाऊक.

ओढण्यातच आणखी एक खोच होती. ठिपका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला तर वाटेत शंभरेक विनंत्या जातात, आणि इंजिन बिचारे एकेक पुरी करत बसते. हात थांबल्यानंतरही चित्र सावकाश रांगत मागून येते. कार्यालयात चहाची ऑर्डर देताना असेच होते. पाच जण पाच वेळा आकडा बदलतात, तेव्हा शहाणा पोऱ्या दाराशी थांबून शेवटचा आकडा तेवढा ऐकतो आणि निघतो. मीही तेच केले. एक विनंती चालू असताना आलेल्या बाकीच्यांपैकी फक्त शेवटची लक्षात ठेवायची.

पण 'इथून इथपर्यंत' यातले 'इथून' काही केल्या नेमके येईना. ताई तिहाईच्या पहिल्या बोलावर खूण करत आणि चित्र कितीतरी मागच्या तोड्यापासून, म्हणजे नृत्याच्या आधीच्या तुकड्यापासून, सुरू होई. याचे कारण फाइलच्या पोटात आहे. व्हिडिओ दाबून भरण्याच्या, २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ पद्धतीत, आणि तिच्या भावंडांतही, प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. एखादेच चित्र अखंड असते, त्याला कीफ्रेम म्हणतात. बाकीच्यांत फक्त शेजारच्या चित्रांपेक्षा काय बदलले याची नोंद असते, आणि काही चित्रांना तर पुढे येणाऱ्या चित्राचाही आधार लागतो, त्यामुळे फाइलमधला क्रम आणि पडद्यावरचा क्रम निराळा असतो. एक्स२६४ या प्रसिद्ध एन्कोडरला, म्हणजे चित्रे दाबून भरणाऱ्या प्रोग्रामला, काही न सांगितल्यास तो दोन कीफ्रेममध्ये २५० चित्रांपर्यंत अंतर पडू देतो. आपल्याकडच्या सेकंदाला २५ चित्रांच्या हिशेबाने ते १० सेकंद झाले. लहान मुलाला रामरक्षेतला मधलाच श्लोक विचारला तर ते 'चरितं रघुनाथस्य'पासून सुरू करते आणि मनातल्या मनात भरभर म्हणत तिथवर येते. दाबलेली चित्रे उलगडणाऱ्या डीकोडरचेही तसेच आहे. घाईत असला तर तो मागच्या कीफ्रेमवरच बसकण मारतो. नेमकेपणा हवा असेल तर त्या कीफ्रेमपासून एकेक चित्र उलगडत, नको ती फेकत, हव्या त्या चित्रापर्यंत यावे लागते, आणि ताईंच्या जुन्या लॅपटॉपला याला चांगलाच वेळ लागे. एक फ्रेम पुढे जाणे त्यामुळे सोपे असते. एक फ्रेम मागे जाण्यासाठी मात्र पुन्हा सुरुवातीपासून रामरक्षा.

इथे मी तयार घटक सोडला आणि एफएफएमपेगच्या लायब्ररींवर, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याच्या तयार कोडवर, थेट उतरलो. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प जगातल्या असंख्य प्लेअरांच्या पोटात असतो. तो सगळे करू देतो आणि कशाचीच जबाबदारी घेत नाही. उडी मारल्यावर डीकोडरच्या पोटातले जुने उरलेसुरले आधी रिकामे करावे लागते, हे मी विसरलो, तेव्हा नव्या तोड्याच्या सुरुवातीला आधीच्या तोड्यातली नर्तकी क्षणभर पडद्यावर तरळून गेली. वर्गातल्या मुलींना तो परिणाम फार आवडला होता. मी तो काढून टाकल्यावर त्यांनी तक्रारही केली.

आता खूण नेमकी बसू लागली आणि आवर्तन फिरू लागले. मी समाधानाने ताईंना दाखवायला नेले. त्यांनी दोन फेऱ्या ऐकल्या, हाताने ताल धरला, तिसऱ्या फेरीला हात थांबवला आणि म्हणाल्या, "याची मात्रा खाल्ली जाते."

मी घरी येऊन मोजले. शेवटच्या टोकाहून पुन्हा पहिल्या टोकाला जायला प्रोग्राम दोनशे मिलिसेकंदांच्या वर वेळ घेत होता. माझ्या धंद्यात हे काहीच नसते. पान उघडायला इतकाच वेळ लागला तर ग्राहक खूश होतो. पण त्या तिहाईची द्रुत लय मिनिटाला २४० मात्रांच्या आसपास होती, म्हणजे एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. सोळा मात्रांचे आवर्तन चार सेकंदांत संपणार, आणि दर दोन आवर्तनांनंतर माझा प्रोग्राम जवळजवळ एक आख्खी मात्रा पदरची घालणार. त्यांनी 'खाल्ली' म्हटले होते, मी खरे तर वाढवत होतो, पण सम चुकायची ती चुकतच होती. वर्गात हार्मोनियमवर लेहरा धरणारे एक काका आहेत. तीच सोळा मात्रांची ओळ ते तासभर वाजवतात आणि त्यांच्या दोन फेऱ्यांमधला सांधा कुठे आहे हे शोधून सापडत नाही. मला जे लिहायचे होते ते हेच आहे, हे मला त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसल्यावर उमगले.

आठ सेकंदांचा तुकडा सरळ मेमरीत भरून ठेवावा हा पहिला विचार. १९२० बाय १०८० चे उलगडलेले एक चित्र, रंगाची माहिती निम्म्या तपशिलाने ठेवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, सुमारे ३१ लाख बाइटचे होते. आठ सेकंदांची २०० चित्रे म्हणजे ६२२ मेगाबाइट. चार गिगाबाइट मेमरीच्या लॅपटॉपवर, बाजूला ब्राउझर उघडा असताना, हे परवडणारे नव्हते. ध्वनीचा हिशेब मात्र निराळाच होता: सेकंदाला ४८,००० नमुने, दोन बाजू, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, म्हणजे आठ सेकंदांना दीड मेगाबाइट. हे आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि उत्तर समोर दिसले. आवाज संपूर्ण मेमरीत ठेवायचा, तो शेवटच्या नमुन्यानंतर लगेच पहिल्या नमुन्यावर न्यायचा, आणि चित्राने आवाजामागे धावायचे. एखादे चित्र गळले तरी डोळा कुरकुरत नाही; कानाला मात्र सांध्यावरचा बारीक 'टक्'सुद्धा टोचतो, म्हणून तिथे दोन टोके पाच मिलिसेकंदांपुरती एकमेकांत विरवून घेतली. चित्रासाठी दोन डीकोडर ठेवले. एक चालत असतो तेव्हा दुसरा पहिल्या टोकावर, पहिली काही चित्रे उलगडून, तयार बसलेला असतो. एका उखळात दोन बायका आळीपाळीने मुसळ घालतात तसे ते काम वाटून घेतात.

चालू ध्वनी हेच घड्याळ आणि चित्र त्याच्या ताब्यात, ही रीत बहुतेक प्लेअर पाळतातच; मी पुस्तकात वाचूनही ती मनावर घेतली नव्हती इतकेच. चित्र आणि आवाज यांत किती फरक चालतो यावर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला जाणवू लागतो. उशिरा आला तर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा लक्षात येत नाही. हा पक्षपात प्रथम विचित्र वाटतो. पण गोदावरीच्या घाटावर उभे राहून पलीकडच्या काठावर धुणे आपटणारा माणूस पाहावा. कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, आवाज मागून पाण्यावरून येतो. शंभर मीटरला सुमारे ०.३ सेकंद लागतात. आवाज मागून येण्याची आपल्याला जन्मापासून सवय असते, आधी आलेला मात्र निसर्गात कुणीच ऐकलेला नसतो. म्हणून आवाज-चित्राचा मेळ पूर्ण साधत नसेल तेव्हा मी चूक उशिराच्या बाजूला ढकलतो.

आणि उशीर तर वर्गातच बसला होता. ताईंचा स्पीकर ब्लूटूथवरचा. प्रोग्रामने पाठवलेला आवाज त्यातून बाहेर पडेपर्यंत दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि किती गेले हे तो स्पीकर दर वेळी खरे सांगेलच असे नाही. ताई सम ऐकून खुणेचे बटण दाबत, तेव्हा प्रोग्राम केव्हाच पुढे गेलेला असे. त्यातून माणसाचा हातही सरळ नसतो. ठरलेल्या ठोक्यासोबत बोट आपटायला सांगितले तर बहुतेक माणसे ठोक्याच्या किंचित आधीच आपटतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलेले आहे. या दोन चुका एकमेकींना खोडतील अशी भाबडी आशा मी आठवडाभर बाळगली. मग खुणेच्या आसपासच्या ध्वनीत तबल्याचा किंवा घुंगरांचा सर्वांत ठसठशीत ठोका शोधायचा आणि खूण त्याच्यावर नेऊन बसवायची, असे केले, आणि स्पीकरचा उशीर एकदा मोजून सेटिंगमध्ये घालायची सोय दिली. ताईंनी ती सेटिंगची खिडकी आजवर एकदाच उघडली आहे. शेवटी त्यांना मी एक वायरचा स्पीकर नेऊन दिला, आणि तोच माझा सर्वांत यशस्वी बदल ठरला.

'जरा सावकाश' याने तर मला महिनाभर पुरवले. मूकपटाच्या काळात कॅमेरा आणि प्रोजेक्टर हाताने फिरवत, तेव्हा वेग बदलण्याचे नियंत्रण म्हणजे ऑपरेटरचे मनगट. आमच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३च्या आपल्या पहिल्या चित्रपटाआधी ठराविक अंतराने एकेक चित्र टिपून वाटाण्याच्या रोपाची वाढ पडद्यावर दाखवली होती, ती याच फिरवण्याच्या हिशेबावर. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकावरून गाडी जाते तेव्हा मला अलीकडे तो वाटाणा आठवतो आणि थोडा हेवा वाटतो, कारण त्यांच्या चित्राला आवाज नव्हता. चित्र अर्ध्या वेगाने चालवणे सोपे असते, प्रत्येक फ्रेम दुप्पट वेळ दाखवली की झाले. आवाज तसाच ताणला तर स्वर सप्तकभर खाली उतरतो आणि तबला रांजणातून बोलू लागतो. स्वर न बदलता वेग बदलण्यासाठी आवाजाचे बारीक तुकडे करून, शेजारच्या तुकड्याशी आकार जुळेल अशा ठिकाणी ते एकमेकांवर थोडे चढवून मांडतात. एका प्रचलित फिल्टरमध्ये हे तुकडे ६० मिलिसेकंदांचे असतात. बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी ही युक्ती उत्तम चालते. घुंगरांसाठी चालत नाही. अर्ध्या वेगाला मूळ आवाजात आपण दर तुकड्याला निम्मेच पुढे सरकतो, त्यामुळे एकच कोरडा ठोका दोन तुकड्यांत सापडतो आणि दोनदा वाजतो.

"माझी मुलगी एकदाच पाय मारते," ताई म्हणाल्या. शिष्येला त्या मुलगीच म्हणतात.

मी तुकडे लहान केले तर हार्मोनियम थरथरू लागली. मोठे केले तर घुंगरू दुहेरी झाले. अखेरीस ठोके आधीच शोधून ठेवायचे, ठोक्याच्या आसपासचा ध्वनी न ताणता जसाच्या तसा घ्यायचा आणि सगळे ताणणे दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेवर लादायचे, या वाटेने गेलो. पाऊण वेगाला हे छान वाटते, अर्ध्या वेगाला बरे वाटते, त्याखाली मी पट्टी जाऊच दिलेली नाही. वापरणाऱ्याला प्रत्येक वेग देता येत असला तरी जो वाईट ऐकू येतो तो देऊ नये, असे माझे मत आहे. यावर माझा एक जुना सहकारी अजून वाद घालतो.

उरलेल्या गोष्टी किरकोळ होत्या, पण माझी लाज काढणाऱ्या त्याच. ताई मुलींसमोर उभ्या राहून शिकवतात, म्हणून चित्राची डावी-उजवी बाजू आरशासारखी उलटवणारे एक बटण दिले होते. ते एकदा दाबले आणि नंतर स्पेस-बार दाबून चित्र थांबवू पाहिले, की चित्र थांबायचे आणि शिवाय पुन्हा सुलटे व्हायचे. शेवटी दाबलेल्या बटणावर कीबोर्डचे लक्ष खिळलेले असते आणि स्पेस-बार त्या बटणालाही जागा करतो, हे प्रत्येक प्रोग्रामरला माहीत असते आणि प्रत्येक जण ते एकदा विसरतो. कळ दाबल्याची वार्ता आधी विंडोने घ्यावी आणि बटणांनी कीबोर्डचे लक्ष मागूच नये, एवढ्या दोन ओळींनी ते मिटले. पुढे ताई चार मीटरवरून बटण कशा दाबणार हा प्रश्न आला, तेव्हा भाषणाच्या स्लाइड बदलायचा हातातला छोटा रिमोट आणला. तो संगणकाला फक्त पेज-अप आणि पेज-डाउन या कळा पाठवतो. एकीला थांबणे-चालणे दिले, दुसरीला पुन्हा खुणेपासून. माउस त्या दिवसापासून खणात पडून आहे.

गेल्या महिन्यात ताईंनी मला थांबवून घेतले. समेवर मनगट नेमके कुठे येते हे त्यांना एका मुलीला दाखवायचे होते. एक फ्रेम मागे, एक फ्रेम पुढे, हे आता चांगले चालते. मागच्या काही फ्रेम मी उलगडून हाताशी ठेवतो, त्यामुळे रामरक्षा दर वेळी म्हणावी लागत नाही. त्यांनी चित्र समेवर आणले. हात खांद्याच्या वर, अजून येतो आहे. एक फ्रेम पुढे: हात येऊन स्थिरावलेला, बोटे मिटलेली. मागे, पुढे, पुन्हा मागे.

"सम कुठे गेली?"

मी समजावू लागलो. सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे दोन चित्रांत ४० मिलिसेकंद. त्यातही कॅमेऱ्याचे शटर एक-पन्नासांश सेकंद उघडे, म्हणजे २० मिलिसेकंदच. उरलेल्या २० मिलिसेकंदांत काय घडले ते कॅमेऱ्याने पाहिलेलेच नाही. ध्वनीत ठोका अगदी त्या फटीत पडलेला माझ्या आलेखावर स्पष्ट दिसत होता.

"म्हणजे बाबा, कॅमेऱ्याने नेमके तेव्हाच डोळे मिटले," आमची मुलगी म्हणाली.

पुढच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण सेकंदाला ५० चित्रांनी करायला सांगू, शटरही जलद ठेवायला लावू, म्हणजे फट बरीच लहान होईल, असे मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आले की आठ सेकंदांची २०० चित्रे आता ४०० होणार, दोन्ही डीकोडरांना निम्म्या वेळात तयार व्हावे लागणार, आणि मागे हाताशी ठेवलेल्या चित्रांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागणार. माझा चेहरा बहुधा तसा झाला असावा. ताईंनी रिमोट टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि मुलींना ओळीत उभे राहायला सांगता सांगता माझ्याकडे वळून विचारले, "शनिवार-रविवारचंच काम आहे ना?"